नेट बंद पडलं की लगेच रीसेट? आधी राउटरच्या दोन बाजू ओळखा

सीईटी सेलच्या प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी लाइट जाते, तासाभराने येते. राउटरचे दिवे लागतात, फोनवर वाय-फायची खूणही दिसते, पण वेबसाइट काही उघडत नाही. घरातला कोणी तरी पिन आणतो आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात खुपसून दहा सेकंद दाबून धरतो. नेट सुरू होणे दूरच, आता वाय-फायचे नावही बदललेले असते. केबलवाल्याला फोन लावला की उत्तर येते, ‘पोरगा उद्या येईल.’

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात राहणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. दोन्ही शहरांत बाहेरगावची हजारो मुले शिकायला राहतात आणि त्यांची चाचणी, नोट्स, फॉर्म सगळे नेटवर चालते. कनेक्शन बहुतेक वेळा स्थानिक केबल ऑपरेटरचे किंवा बीएसएनएलच्या फायबरचे असते. जोडणी करणारा येतो, पाच मिनिटांत काही तरी टाइप करतो आणि निघून जातो. त्याने काय टाइप केले, हे घरात कोणालाच माहीत नसते. पिनने पुसले जाते ते नेमके तेच.

एक डबा, दोन बाजू

राउटरची एक बाजू कंपनीकडे तोंड करून असते. सेटिंगच्या पानावर तिला ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ म्हणतात. दुसरी बाजू घराकडे, ती ‘लॅन’. बाहेरच्या बाजूला कंपनीने दिलेली ओळख असते. आतल्या बाजूला घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे यांना पत्ते वाटले जातात.

हे पत्ते हॉस्टेलच्या खोल्यांसारखे. लातुरातल्या प्रत्येक हॉस्टेलमध्ये १२ नंबरची खोली असते, तरी पत्रांचा गोंधळ होत नाही. कारण पोस्टमन इमारतीपर्यंत येतो आणि पुढचे वॉर्डन बघतो. तसेच १९२.१६८.१.१२ हा पत्ता लाखो घरांत असतो. बाहेर सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो आणि कोणते उत्तर कोणत्या फोनचे, हे राउटर लक्षात ठेवतो.

बाहेरच्या बाजूचा आधी फोटो

राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता छापलेला असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की लॉगिनचे पान उघडते. (आकडे इंग्रजीतच टाकायचे.) तिथे ‘वॅन’च्या पानावर जोडणीचा प्रकार दिसतो. ‘पीपीपीओई’ लिहिलेले असेल तर कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड तिथे भरलेले असतात. जुन्या बीएसएनएल ग्राहकांना हे आठवेल: कॉम्प्युटरवरच्या ब्रॉडबँडच्या चिन्हावर दोनदा क्लिक करून ‘डायल’ करावे लागायचे. तोच प्रकार आता राउटर स्वतः करतो. ‘डीएचसीपी’ किंवा ‘आयपीओई’ असेल तर युजरनेम बहुधा लागत नाही.

शेजारीच ‘व्हीलॅन आयडी’ नावाचा एक आकडा असतो. फायबरमधून इंटरनेट, फोन, टीव्ही वेगवेगळ्या मार्गिकांनी येतात. हा त्या मार्गिकेचा क्रमांक. युजरनेम बरोबर आणि हा आकडा चुकीचा असला, तरी नेट चालू होत नाही. हे पान नेट सुरळीत असतानाच फोटो काढून ठेवायचे. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे तो ऑपरेटरकडून वेगळा मागून घ्यावा लागतो. तो ग्राहकाच्याच खात्याचा आहे, मागायला संकोच नको. मोठ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये रीसेटनंतर ही माहिती कधी कधी दुरून आपोआप भरली जाते. स्थानिक ऑपरेटरच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

कोणता दिवा लाल आहे?

रीसेटचा विचार करण्याआधी दिवे बघायचे. ‘एलओएस’ लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर तुटली, वाकली किंवा ऑपरेटरच्या बाजूची लाइट गेली. यावर कोणतीही सेटिंग चालत नाही, तक्रार नोंदवणे एवढेच हातात. ‘पीओएन’ स्थिर हिरवा आणि ‘इंटरनेट’ बंद किंवा लाल असेल तर वायर ठीक आहे, अडचण खात्यात आहे: प्लॅन संपला, युजरनेम चुकले किंवा ऑपरेटरकडे बिघाड. लाइट येताच ऑपरेटरकडची यंत्रणाही नुकतीच उठत असते आणि परिसरातले सगळे राउटर एकदम लॉगिन मागतात. तेव्हा डबा दहा मिनिटे तसाच ठेवला, तर बरेचदा काम होते. पिनने काम बिघडते, ते इथेच.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी. सगळे दिवे हिरवे, आधीपासून सुरू असलेले अॅप चालते, पण नवी वेबसाइट उघडत नाही. अशा वेळी संशय ‘डीएनएस’वर. वेबसाइटच्या नावावरून तिचा क्रमांक शोधून देणारी ही यंत्रणा कंपनीची असते आणि कधी कधी ती झोपते. लॅनच्या पानावर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा डीएनएस टाकून फोनचे वाय-फाय बंद-चालू करून बघता येते. काही मोजक्याच साइट अर्ध्यावर अडकत असतील, तर ‘एमटीयू’ तपासावा. पीपीपीओईवर तो १४९२ असतो, १५०० नव्हे.

वरच्या मजल्यावरचा दुसरा राउटर

या दोन शहरांतले खरे दुखणे मात्र आतल्या बाजूला आहे. खाली घरमालक, वर आठ-दहा खोल्या, स्लॅबमधून वाय-फाय वर पोचत नाही. मग दुकानातून दुसरा राउटर आणला जातो, खालून एक वायर वर ओढली जाते आणि ती हाताला येईल त्या छिद्रात खोचली जाते. त्या दिवसापासून घरात अधूनमधून नेट जायला लागते आणि दोष ऑपरेटरला मिळतो.

घडते असे. नव्या राउटरच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टमध्ये वायर खोचली की एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. फोन ज्याला आधी विचारेल त्याचा पत्ता घेतो. खालच्या राउटरने पत्ता दिला तर नेट चालते, वरच्याने दिला तर ‘जोडले, पण इंटरनेट नाही’. म्हणून खोली क्रमांक तीनमध्ये चालते आणि चारमध्ये नाही, सकाळी चालते आणि रात्री नाही. भरीला दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, म्हणजे एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरे.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरला आधी एकट्याला जोडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, त्यातला ‘डीएचसीपी सर्व्हर’ बंद करायचा, मग लॅन पोर्टमध्ये वायर लावायची. ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर हे सगळे एका क्लिकवर होते.

पुढचा प्रश्न संख्येचा. समजा खालचा राउटर १०० ते १५० एवढेच पत्ते वाटतो, म्हणजे ५१. वीस मुलांचे फोन आणि लॅपटॉप मिळून ४०, घरमालकाचे फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून दहा. आता एका मुलाचे दोन मित्र आले की कोणाचा तरी फोन ‘आयपी अॅड्रेस मिळवत आहे’ यावर अडकणार. शिवाय आजकालचे काही फोन आपली ओळख बदलत राहतात आणि राउटरला दरवेळी नवे पाहुणे वाटतात. डीएचसीपीच्या पानावर व्याप्ती १० ते २५० करायची आणि पत्त्याची मुदत २४ तासांऐवजी दोन तासांवर आणायची. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला हाताने ठरलेला पत्ता दिला असेल, तर तो या व्याप्तीच्या बाहेर, उदाहरणार्थ २५२, असा ठेवायचा. नाही तर एके दिवशी एखाद्या फोनला तोच पत्ता मिळतो आणि कॅमेरे बंद पडतात.

‘मुलांना वेगळा राउटर दिलाय, त्यांना आमचे कॅमेरे दिसत नाहीत’ असे अनेक घरमालक समजतात. ते खरे नाही. वरचा राउटर वॅन पोर्टने जोडून त्याला वेगळी पत्तामालिका दिली, तरी वरच्या फोनवरून खालच्या डीव्हीआरपर्यंत जाता येते. उलट दिशा तेवढी बंद होते. घर वेगळे ठेवायचे असेल तर मुख्य राउटरवरचे ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून मुलांना तेच द्यायचे.

याच कॅमेऱ्यांचा आणखी एक भाग. नांदेडच्या घराचा कॅमेरा पुण्यातल्या मुलाला दिसावा म्हणून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले जाते आणि ते चालत नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी, ते कधीच अपुरे पडले. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. वॅनच्या पानावरचा पत्ता १०.ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नये. कॅमेरा कंपनीचे अॅप वापरावे किंवा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यावा.

पासवर्ड दोन, बदलला जातो एकच

वाय-फायचा पासवर्ड सगळे बदलतात. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र ‘अॅडमिन’चा ‘अॅडमिन’च राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा फटका बसला तो हा मूळ पासवर्ड न बदललेल्यांना. सेटिंगमध्ये शिरलेला माणूस डीएनएस बदलू शकतो. मग बँकेचे नाव टाइप केले तरी हुबेहूब दिसणारी भलतीच साइट उघडू शकते. अनोळखी डीएनएस दिसला तर तो बदलावा, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करावा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘डब्ल्यूपीएस’ बंद, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, एवढे त्याच बैठकीत करून टाकावे.

वाय-फाय उघडे ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला. पोलिस आयपी पत्त्याचा माग काढत नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्यांनीच वापर केल्याचे तपासात पुढे आले. नंतरच्या ईमेलसाठी माटुंग्याच्या एका कॉलेजचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले.

वरच्या खोल्यांत दरवर्षी नवी मुले येतात. कनेक्शन मात्र घरमालकाच्या आधारवर असते आणि पोलिसांचा पहिला फोन त्यालाच येणार. त्यामुळे जून-जुलैत खोल्या बदलल्या की गेस्ट नेटवर्कचा पासवर्डही बदलायचा. मुलांकडून वाय-फायचे वेगळे पैसे घेणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तीत छोट्या विक्रेत्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही आणि वापरणाऱ्याची ओळख अॅपमार्फत तपासली जाते.

राहिला लाइटचा प्रश्न. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटली, तरी काही राउटर पुन्हा सुरू होतात आणि लॉगिन होईपर्यंत ऑनलाइन चाचणीतली दोन-तीन मिनिटे जातात. राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो; घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यायचे. वरच्या मजल्यावरच्या राउटरलाही तो लागेल, हे मात्र बहुतेक जण विसरतात.