वीजबिलातून सॅमनचा वाटा

अमेरिकेच्या वायव्येतील कोलंबिया नदीचे खोरे सात राज्ये आणि कॅनडापर्यंत पसरले आहे. धरणांपूर्वी दरवर्षी 1 ते 1.6 कोटी सॅमन आणि स्टीलहेड मासे समुद्रातून इथे अंडी घालायला परतत, असा अंदाज आहे. 1938च्या बॉनव्हिल धरणाला मत्स्यशिड्या तरी होत्या. ग्रँड कूलीला (1942) त्याही नाहीत. तिथून वरची नदी माशांना बंदच झाली.

1980च्या कायद्याने वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो आणि मोंटाना या चार राज्यांची परिषद स्थापण्याची वाट मोकळी केली. प्रत्येकी दोन सदस्य. मासे आणि वन्यजीवांचा कार्यक्रम ती आखते, पण पैसा याच धरणांची जलविद्युत विकणाऱ्या बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे अखेर वीजग्राहकाचा. हिशेब रास्तच! आराखड्याआधी मूलनिवासी जमातींच्या शिफारशी मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. सरकारशी झालेल्या 1855च्या करारांत अनेक जमातींनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता.

या कार्यक्रमातील कामे मात्र साधी: ओढ्यांची वळणे परत आणणे, काठी झाडे लावणे, माशांची वाट अडवणाऱ्या मोऱ्या बदलणे, धरणांखाली बुडालेल्या अधिवासाच्या बदल्यात वन्यजीवांसाठी जमिनी घेणे. काही ठिकाणी तर शेतकऱ्याला मोबदला देऊन त्याच्या वाट्याचे पाणी ओढ्यातच वाहू दिले जाते.