जुन्या मोटारींतील जळलेली फ्यूजपेटी : कारण व दुरुस्ती

शेतकऱ्याच्या घरीं जुनी मोटार असणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. कोणाकडे वडिलांच्या वेळची अँबॅसेडर असते, कोणाकडे कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली पद्मिनी, तर कोणाकडे शेतावर राबणारी जीप. ह्या गाड्यांचें इंजिन गांवचा मिस्त्री उत्तम जाणतो. परंतु त्यांतील विजेच्या भागाकडे गाडी अडेपर्यंत कोणी पाहत नाहीं. एके दिवशीं फ्यूजची पेटी उघडावी, तों तिचें एक घर काळें पडलेलें, शेजारचें प्लॅस्टिक विरघळलेलें व तारेचें वेष्टन कडक झालेलें आढळतें. असें कां होतें व त्यावर खरा उपाय कोणता, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

कारण :— पुष्कळांची समजूत अशी कीं, फ्यूज कमी ताकदीचा होता म्हणून पेटी जळली. ही समजूत चुकीची असून घातकही आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला असता, तर फ्यूज वितळून मार्ग तत्काळ बंद झाला असता. फ्यूज योग्य आंकड्याचा असून त्याचें घर जळतें, त्या अर्थीं उष्णता बहुधा फ्यूज व त्यास धरणारी पितळी पकड ह्यांच्या सांध्यांत निघालेली असते. जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, विजेच्या वाटेंत निघणारी उष्णता त्या वाटेच्या अवरोधाच्या व प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. १२ व्होल्टच्या गाडींत ६० वॉटचे दोन दिवे १० अँपिअर प्रवाह घेतात. सांध्यावर गंज चढून त्याचा अवरोध ०.१ ओहम एवढाच झाला, तरी त्या नखाएवढ्या जागेंत १० वॉट उष्णता सतत निघत राहते. वंगण नसलेल्या चाकाचा आंस तापावा, तसाच हा प्रकार. तापल्यानें पितळेचा ताण जातो, पकड ढिली होते, अवरोध आणखी वाढतो व सांधा अधिकच तापतो. ह्या बाहेरच्या उष्णतेनें कधीं कधीं फ्यूजही वितळतो. मग मालक मोठा फ्यूज घालतो, किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळून वेळ मारून नेतो. ह्यानें रोग तसाच राहतो आणि तारांचें रक्षण मात्र नाहींसें होतें.

शेतकऱ्याच्या गाडींत हा गंज लवकर चढतो. पावसाळ्यांत ती महिनोन् महिने उभी असते, आणि खतांच्या गोण्या वाहिल्यानें त्यांची ओल धरणारी पूड सर्वत्र बसते. त्यांतच ६० च्या जागीं १०० वॉटचे दिवे बसविले, तर प्रवाह १० वरून सुमारें १७ अँपिअरवर जातो व उष्णता जवळजवळ पावणेतीनपट होते.

दुरुस्तीची रीत :— प्रथम बॅटरीची, गाडीच्या अंगास जोडलेली तार सोडावी. कोणती तार कोठें आहे ह्याचें मोबाइलवर छायाचित्र घेऊन प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. पकड नुसती मळलेली असल्यास बारीक पॉलिशपेपरनें उजळावी. ती निळसर वा तपकिरी झाली असल्यास तिचा ताण गेला असें समजावें. पक्कडीनें दाबून ती थोडे दिवसच घट्ट राहते, म्हणून बदलणेंच बरें. पेटी बेकलाइटची असून जळली असेल, तर ती खरवडून वापरूं नये. जळलेल्या बेकलाइटचा कोळसा होऊन त्यांतून वीज वाहूं शकते. एकच घर बिघडलें असल्यास तेवढ्या मार्गाला सुटा फ्यूजधारक लावावा. अधिक घरें गेलीं असल्यास संपूर्ण पेटी बदलावी.

तार कापतांना आंतील तांबें चकचकीत दिसेपर्यंत मागें यावें. काळ्या तांब्यावर केलेला सांधा पुन्हां तापतो. टोंकास योग्य मापाचें टर्मिनल दाबयंत्रानें बसवावें. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळूं नये. नुसत्या डाखावरही विसंबूं नये, कारण शिसें-कथलाचा नेहमींचा डाख १९० अंशांच्या आंतबाहेर वितळतो. जोडावयाची नवी तार मूळच्या तारेहून बारीक नसावी.

हेडलाइटसाठीं रिले बसविल्यास मोठा फायदा होतो. दिव्यांचा प्रवाह बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून व जाड तारेनें थेट जातो. जुन्या स्विचवर रिले चालविण्यापुरता अल्प भार राहतो.

फ्यूजची निवड :— येथें आंकडा व रंग दोन्ही फसवितात. ल्यूकस पद्धतीच्या कांचेच्या फ्यूजवरील ३५ हा आंकडा तो वितळण्याच्या प्रवाहाचा असतो. सतत प्रवाह वाहण्याची त्याची शक्ति सुमारें १७ अँपिअरचीच. इतर पुष्कळ कांचफ्यूजांवर मात्र सतत प्रवाहाचा आंकडा असतो, म्हणून त्यांतला ३५ चा तेथें घातल्यास तारांचें संरक्षण निम्म्यावर येतें. चिनी मातीच्या फ्यूजांत पांढरा ८ व तांबडा १६ अँपिअरचा. पात्याच्या फ्यूजांत तांबडा १०, निळा १५, पिवळा २० व हिरवा ३० अँपिअरचा असतो.

परीक्षा :— काम झाल्यावर दिवे लावून मल्टिमीटरनें फ्यूजच्या एका बाजूच्या टर्मिनलपासून दुसऱ्या बाजूच्या टर्मिनलपर्यंत दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक भरल्यास सांधा पुन्हां तपासावा. दहा मिनिटांनीं पेटीस बोट लावून पाहावें. चटका बसतां कामा नये.

आपल्याकडे गाडी बहुधा गोठ्याशेजारीं किंवा कडब्याच्या गंजीलगत उभी असते. तापलेल्या तारेनें तेथें आग लागल्यास गाडीबरोबर जनावरें व वर्षाची वैरणही जावयाची. म्हणून दरवर्षीं मृग निघण्यापूर्वीं व दसऱ्याच्या सुमारास फ्यूज काढून पकडी उजळाव्या व ढिल्या झालेल्या बदलाव्या. अर्ध्या तासाचें हें काम कोणाही शेतकऱ्यास स्वतः करतां येण्यासारखें आहे.