मॉनिटरमधून लॅपटॉप चार्ज करावा काय?

भोर व वेल्हे भागातील कापड, रेडिमेड व शिलाईच्या धंद्यात लॅपटॉप ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही मागे पडून हिसाब संगणकात गेला. मात्र लॅपटॉपचा पडदा लहान. चाळिशी उलटलेल्या दुकानदारास त्यावरील आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात, म्हणून गल्ल्यावर मोठा मॉनिटर जोडण्याची पद्धत पडली. नव्या मॉनिटरात एकाच केबलने चित्रही जाते व लॅपटॉप चार्जही होतो. आमच्या व्यापारी भाईंचा प्रश्न असा की, दिवसभर लॅपटॉप असा जोडून ठेवला तर बॅटरी लवकर मरते काय?

मॉनिटरमुळे बॅटरी मरत नाही, हे प्रथम सांगतो. बॅटरीत किती वीज सोडायची हे ठरविणारे यंत्र लॅपटॉपच्या आतच असते. मॉनिटर फक्त पुरवठा करतो. टाइप-सी केबल लावताच मॉनिटर व लॅपटॉप यांची आपसात जणू सौद्याची बोलणी होते. मॉनिटर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ व २० व्होल्टचा माल आहे. लॅपटॉप आपल्या गरजेचा उचलतो. म्हणून ४५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा मॉनिटर लावला तरी धोका नाही, जास्तीची वीज बळजबरीने आत शिरत नाही.

उलटी बाजू मात्र पाहावी लागते. काही मॉनिटर टाइप-सीमधून केवळ १५ वॉट देतात, काही ६५, काही ९०. लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर लिहिलेला वॉटचा आकडा व मॉनिटरच्या माहितीपत्रकातील आकडा ताडून मगच माल घ्यावा. एम्ब्रॉयडरीचे डिझाइन किंवा छपाईचे काम करणाऱ्या कारागिरांचे भारी लॅपटॉप १३० वॉट व त्याहून जास्त मागतात. असा लॅपटॉप ६५ वॉटवर चालविला तर केबल लावलेली असूनही कामाच्या जोरात बॅटरी उतरत जाते. त्यांनी मूळ चार्जरच वापरावा. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपना ही सोय बहुधा नसते आणि एचडीएमआय केबलने तर चार्जिंग होतच नाही. टाइप-सीचे भोक दिसले म्हणजे चार्जिंग होणारच असेही नाही, काही ठिकाणी ते फक्त डेटासाठी असते. दुकानदाराकडून समोर जोडून दाखवून घ्यावे.

केबलचीही एक गोम आहे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट वाहते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. मोबाइलबरोबर आलेली केबल लावून ‘मॉनिटर खराब निघाला’ अशी तकरार करण्यात अर्थ नाही.

आता बॅटरीच्या तब्येतीकडे वळू. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. ‘पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा’ हा जुना नियम निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता, तो हिला लागू नाही. उलट पार शून्यावर नेल्याने हिचे नुकसान होते. हिचे दुसरे दुश्मन दोन आहेत : उष्णता, आणि सतत १०० टक्के भरलेले राहणे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास ताणलेला असतो. त्या ताणात, त्यात गरम जागी, महिनोन्महिने राहिला की त्याची साठवण घटत जाते. म्हणजे दोष मॉनिटरचा नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत १०० टक्क्यांवर ठेवण्याचा आहे. मूळ चार्जर तसाच लावून ठेवला तरी हेच होते.

यावर इलाज फुकटचा आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबविण्याची सोय असते. लेनोव्होमध्ये तिला कन्झर्वेशन मोड म्हणतात, असूसमध्ये ती मायअसूस नावाच्या प्रोग्रॅममध्ये मिळते, डेल व एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये बायोसमधूनही लावता येते. एकदा लावली की मॉनिटर दिवसभर जोडलेला असला तरी फिकीर नाही.

पण आमच्या भागाचा हिसाब थोडा निराळा आहे. वेल्ह्याकडे व भोरच्या घाटाकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडून जमिनीवर आले तेव्हा त्याचा तडाखा आमच्या घाटमाथ्यालाही बसला. अशा दिवसांत २० तारखेचे ३बी भरायचे असेल तर बॅटरीतील ते २० टक्केही कामाचे. म्हणून आमचे मत असे की, जून ते सप्टेंबर मर्यादा काढून टाकावी व उरलेले आठ महिने ८० वर ठेवावे. चार महिन्यांत बॅटरीची जी थोडी झीज होईल, ती विवरण उशिरा भरल्याच्या दंडापेक्षा परवडते.

लाइट गेली की मॉनिटर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मात्र मॉनिटरच्या मागील भोकांत लावलेला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क त्याच क्षणी तुटते. त्यावर टॅलीचा डेटा उघडा असेल तर फाइल बिघडू शकते. चालू हिसाब लॅपटॉपच्या आत ठेवावा, पेन ड्राइव्हवर फक्त रोजची नक्कल घ्यावी, व तीही थेट लॅपटॉपला लावून.

कापडवाल्यांनी सर्वांत जास्त ध्यान द्यावे ते जागेकडे. चार्ज होत असलेला लॅपटॉप ताक्यांच्या थप्पीवर, गादीवर किंवा प्लास्टिकच्या गाठोड्यावर ठेवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. खालची हवा कोंडते, लॅपटॉप तापतो, बॅटरी झिजते. दुकानात चौफेर सुती व पॉलिएस्टर माल असताना ही आगीशी मस्करी आहे. लाकडी किंवा लोखंडी टेबल, मागे थोडी मोकळी जागा, आणि दुकान बंद करताना मॉनिटरचे बटन भिंतीवरून बंद.

टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना किंवा खालचा पत्रा फुगला, तर बॅटरी फुगली असे समजावे. त्याच वेळी लॅपटॉप बंद करून केबल काढावी. दाबू नये, टोचू नये, परत चार्ज करू नये. लॅपटॉप मालापासून दूर ठेवून जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्यावी. काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा भंगाराच्या गाडीवर टाकू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, तेव्हा नवी घेतानाच जुनी कोठे जमा करायची ते विक्रेत्यास विचारून घ्यावे.