दुवा हवी, दवाही हवी

काही महिन्यांपूर्वी धामणगाव बढे येथील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा थोरला भाऊ अपघातात पत्नीच्या डोळ्यांदेखत गेला होता. दोन महिने उलटले तरी तिला झोप नव्हती. गाडीचा हॉर्न ऐकला की ती थरथर कापे. "डॉक्टरसाहेब, भाभी इद्दतीत आहेत. दवाखान्यात कशा आणू?"

मी त्यांना मौलवीसाहेबांना विचारायला सांगितले. उपचारासाठी बाहेर पडण्यास हरकत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्याच दिवशी ते त्यांना घेऊन आले.

मोठ्या आघातानंतर मन त्या क्षणातच अडकून पडते. अशा वेळी श्रद्धेचा आधार मोलाचा असतो. पाच वेळच्या नमाजाने विस्कटलेल्या दिवसाला शिस्त लागते. तसबीह घेऊन सावकाश जिक्र केल्याने श्वास संथ होतो, धडधड कमी होते. पतिनिधनानंतरच्या ४ महिने १० दिवसांच्या इद्दतीत दुःखाला हक्काचा वेळ मिळतो. मात्र सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे. पुत्र इब्राहिमच्या मृत्यूवेळी पैगंबरसाहेबांचेही डोळे भरून आले होते.

परंतु महिन्यानंतरही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, दचकणे, झोप उडणे, माणसे टाळणे चालूच राहिले, तर तो आजार समजावा. तो ईमानाचा कमकुवतपणा नव्हे, जिन्नाची बाधाही नव्हे. जीव नकोसा वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये. समुपदेशन आणि गरजेनुसार गोळ्या यांनी पुष्कळांना आराम पडतो.

आपल्याकडे असे रुग्ण पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात. जरूर न्यावे, पण उपचार थांबवू नयेत आणि रुग्णाला बांधून ठेवू नये. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांमुळे पळता न आल्याने २८ मनोरुग्ण दगावले. २०१७ च्या कायद्याने साखळदंडास मनाई आहे. उलट, गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांच्या सहकार्याने मानसोपचाराची सोय झाली. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण हेच सांगते.

जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही बोलावे.

त्या भगिनीची नमाज सुटली नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. परवा त्या एसटीने मोताळ्याला जाऊन आल्या.