मॅकवर विंडोज बसवण्याआधी

वर्ध्यापासून दहा किलोमीटरच्या आत तीन मोठ्या संस्थांत दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगीला दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गांधी हिल्सवर १९९७ पासूनचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. एमडी-एमएसच्या रेसिडेंटला व्हँकुव्हर पद्धतीने क्रमांक घातलेले संदर्भ द्यावे लागतात, तर हिंदी किंवा गांधी-विचाराच्या संशोधकाला लेखकांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेली सूची. दोघांचेही काम रेफरन्स मॅनेजर, म्हणजे संदर्भ जमवून प्रबंधात घालणाऱ्या, सॉफ्टवेअरने कितीतरी हलके होते. हातात मॅकबुक असलेल्या विद्यार्थ्याला मात्र कुणीतरी ठामपणे सांगते, "हे सगळं विंडोजवरच चालतं, आधी मॅकमध्ये विंडोज टाकून घे." मग सबमिशनच्या तोंडावरचे मोलाचे दिवस संदर्भ तपासण्याऐवजी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मॅकच्या आत चालणारा आभासी विंडोज संगणक, उभे करण्यात जातात. हा सल्ला बहुतेकांसाठी चुकीचा आहे. आणि ज्यांना विंडोजची खरोखर गरज असते, त्यांच्यापर्यंत तो अर्धवटच पोहोचतो.

"संदर्भाचे सॉफ्टवेअर म्हणजे विंडोजचेच." हा समज प्रयोगशाळांतल्या आणि विभागांतल्या संगणकांमुळे पक्का होतो, कारण तिथे विंडोजच असते. पण झोटेरो हे २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मलेले मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हींवर चालते. २०२४ साली आलेली त्याची सातवी आवृत्ती तर अॅपलच्या नव्या चिपसाठीही बांधलेली आहे. एंडनोटचे मॅकचे स्वतंत्र रूप आहे आणि एका व्यक्तीचे एंडनोट लायसन्स मॅक व विंडोज दोन्हीकडे वापरता येते. म्हणजे ज्याने विंडोजसाठी एंडनोट घेतले, त्याला मॅकसाठी वेगळे घ्यावे लागत नाही. मेंडेलेही मॅकवर आहे. त्याचे जुने डेस्कटॉप रूप सप्टेंबर २०२२ पासून नव्याने मिळत नाही, म्हणून सीनिअरने दिलेली जुनी इन्स्टॉलर फाइल शोधत बसू नये. मेंडेले रेफरन्स मॅनेजर आणि वर्डसाठीचे मेंडेले साइट हे आजचे रूप मॅकवर नीट चालते.

मग विंडोज लागते कशाला? सिटावी हे स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले सॉफ्टवेअर टिपणे आणि अवतरणे विषयवार लावण्यासाठी उत्तम आहे, पण त्याचा संगणकावर बसवायचा प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी आहे. दुसरे म्हणजे एकेकाळी वैद्यकीय संशोधकांत लोकप्रिय असलेले रेफरन्स मॅनेजर नावाचेच सॉफ्टवेअर. त्याची विक्री २०१५ अखेर आणि साहाय्य २०१६ अखेर बंद झाले, तरी त्यात जमवलेले संदर्भ जुन्या डिस्कवर पडून असू शकतात. या दोन प्रसंगी व्हर्च्युअल मशीनचा विचार रास्त आहे.

आता तो विचार करताना होणारी पहिली चूक. "बूट कॅम्पने विंडोज टाकू" किंवा "माझ्याकडे विंडोज १० ची सीडी आहे, तीच टाकू" असे म्हणणाऱ्याने आधी आपला मॅक कोणत्या चिपचा आहे ते पाहावे. डाव्या कोपऱ्यातल्या अॅपलच्या चिन्हावर क्लिक करून 'या मॅकविषयी' उघडले की कळते. बूट कॅम्प हे मॅकवर थेट विंडोज बसवण्याचे साधन इंटेल मॅकसाठी होते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम-१ पासूनच्या कुठल्याही अॅपल चिपच्या मॅकवर ते नाही. या चिपची भाषाच वेगळी, एआरएम जातीची आहे. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनमध्येही एआरएमसाठीचे विंडोज ११ घ्यावे लागते. नेहमीच्या इंटेल संगणकाची विंडोज डिस्क तिथे कामाला येत नाही. यूटीएमसारख्या साधनाने इंटेल संगणकाची पूर्ण नक्कल करता येते, पण ती इतकी मंद चालते की त्यात प्रबंध लिहिणे म्हणजे छळच. शिवाय विंडोज १० चे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहे.

याउलट "व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळे संथच चालते" हेही खरे नाही. एआरएमचे विंडोज अॅपलच्या चिपवर चांगल्या वेगाने चालते आणि इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम ते स्वतःच अनुवाद करून चालवते. संदर्भाचे सॉफ्टवेअर तसे हलकेच असते. अडते ते ड्रायव्हरशी. अनुवाद प्रोग्रॅमचा होतो, ड्रायव्हरचा होत नाही. म्हणून डोंगल लावल्याशिवाय न उघडणारे एखादे जुने सॉफ्टवेअर याच विंडोजमध्ये चालवायचा बेत असेल, तर ते अडण्याची शक्यता मोठी.

खर्चाबद्दलही गोंधळ आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे, यूटीएम त्याच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. पॅरलल्स डेस्कटॉपला पैसे पडतात, पण मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अॅपल चिपवर विंडोज ११ चालवण्यासाठी त्यालाच अधिकृत मान्यता दिली आणि बसवायला तेच सर्वांत सोपे आहे. यांतले काहीही घेतले तरी आतल्या विंडोजचे लायसन्स वेगळे लागते. व्हर्च्युअल मशीन फुकट म्हणजे विंडोज फुकट नव्हे.

आता सगळ्यात जास्त माणसे जिथे फसतात ती गोष्ट. अनेकांची कल्पना अशी असते की सिटावी विंडोजमध्ये ठेवायचे, लिखाण मॅकच्या वर्डमध्ये करायचे आणि संदर्भ आपोआप येतील. तसे होत नाही. संदर्भ घालणारे प्लगइन ज्या वर्डमध्ये बसते, ते वर्ड त्याच विंडोजमध्ये असावे लागते. मॅकचे वर्ड आणि व्हर्च्युअल मशीनमधले सिटावी हे दोन वेगळ्या संगणकांवर आहेत असेच समजायचे. पॅरलल्समध्ये कोहेरन्स नावाची सोय आहे, तिच्यामुळे विंडोजच्या खिडक्या मॅकच्या खिडक्यांशेजारीच दिसतात आणि हा भ्रम आणखी वाढतो. दिसायला शेजारी असले तरी त्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. म्हणजे विंडोजसाठीचे वर्डही बसवायला हवे. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर ती मॅक व विंडोज दोन्हीवर चालते. एकदाच पैसे भरून मॅकसाठी घेतलेले ऑफिस मात्र विंडोजच्या कामाचे नाही.

इथे एक पुढची अडचण आहे आणि तिचा विचार लिखाण सुरू करण्याआधी व्हायला हवा. फाइल गाइडकडे जाते, दुरुस्त्या होऊन परत येते. गाइडकडे प्लगइन नसले तरी वाचायला आणि शेरे मारायला काही हरकत नाही. पण मजकुरातला संदर्भाचा क्रमांक हा साधा आकडा नसतो, त्याच्यामागे लपलेली माहिती असते. कुणी तो खोडून हाताने नवा आकडा टाकला की ती साखळी तुटते आणि शेवटची सूची चुकते. म्हणून गाइडना नम्रपणे आधीच सांगावे: "सर, आकड्यांना हात लावू नका, शेजारी कमेंट टाका." झोटेरो आणि एंडनोट प्रत्येक संदर्भाची माहिती वर्डच्या फाइलमध्येही साठवतात, त्यामुळे फाइल विंडोजवरून मॅकवर आणि परत नेता येते. एकाच प्रबंधात दोन वेगळी सॉफ्टवेअरे मात्र मिसळू नयेत.

संदर्भांची लायब्ररी कुठे ठेवावी? "मॅक आणि विंडोजच्या सामायिक फोल्डरमध्ये, किंवा गूगल ड्राइव्हवर, म्हणजे दोन्हीकडून उघडता येईल," हा सल्ला सोयीचा वाटतो आणि घातक ठरतो. एंडनोटची लायब्ररी आणि झोटेरोचा डेटाबेस या सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइली आहेत. क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवल्या तर अर्धवट अवस्थेत वर चढतात आणि बिघडतात. झोटेरोत स्वतःचे सिंक आहे. संदर्भांना मर्यादा नाही, पीडीएफसाठी ३०० एमबी मोफत. एंडनोटचेही स्वतःचे सिंक आहे. तेच वापरावे. वर्डची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त ती दोन्हीकडे एकाच वेळी उघडू नये. आणि व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप गेला की तोही गेला.

वर्ध्याला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. अॅपलने मॅकबुक वापरण्यासाठी खोलीचे तापमान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे असे सांगितले आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास जातो आणि एम-१ पासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकदम चालल्या की यंत्र तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ८ जीबीच्या मॅकमधून ४ काढून दिले तर मॅकला उरते तेवढेच. १६ जीबी असेल तरच या वाटेला जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

विश्वविद्यालयातल्या संशोधकांसाठी एक वेगळा गैरसमज आहे: "देवनागरी संदर्भ नीट यायला विंडोजच हवे." याचे मूळ कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकात साठतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. अशा मजकुरातले लेखकाचे नाव रेफरन्स मॅनेजरमध्ये चिकटवले की निरर्थक अक्षरांची ओळ उरते, ती शोधता येत नाही आणि आद्याक्षराप्रमाणे लागत नाही. विंडोज असो वा मॅक, निकाल तोच. उपाय युनिकोडचा आहे. मॅकमध्ये मराठी आणि हिंदी कीबोर्ड आधीच असतात, झोटेरो युनिकोड पूर्ण जाणते. जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच संदर्भ भरावेत. 'संपूर्ण गांधी वाङ्मय'सारख्या अनेक खंडांच्या ग्रंथातून शेकडो संदर्भ घेणाऱ्याला ही एक मेहनत पुढची वर्षभराची कटकट वाचवते. फॉन्ट मात्र दोन्हीकडे एकच ठेवावा, नोटो सॅन्स देवनागरी मोफत आहे. नाहीतर मॅकवर बसवलेली पाने विंडोजवर सरकतात.

राहिली ती बंद पडलेल्या रेफरन्स मॅनेजर या सॉफ्टवेअरची जुनी लायब्ररी. तिच्यासाठी मॅकवर कायमचे विंडोज नांदवण्याचे काही कारण नाही. तिच्या आरएमडी आणि आरएमएक्स अशा दोन फाइली असतात, दोन्ही जपाव्यात. ज्या विंडोज संगणकावर ते सॉफ्टवेअर अजून उघडते तिथे बसून सगळे संदर्भ आरआयएस स्वरूपात बाहेर काढावेत. रेफरन्स मॅनेजर बनवणाऱ्या रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीच्याच आद्याक्षरांवरून या स्वरूपाला नाव पडले आणि आज झोटेरो, एंडनोट, मेंडेले, सिटावी सगळ्यांना ते वाचता येते. ती एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मॅकवरच्या झोटेरोत आयात केली, दुबार नोंदी एकत्र केल्या आणि पंधरा-वीस संदर्भ मूळ लेखांशी ताडून पाहिले की काम झाले.