पाण्यात न सुटणारे तिकीट

पाकिटावरचे तिकीट काढायचे तर पाण्यात भिजवा, हा संग्राहकांचा पिढीजात सल्ला. जालन्याचेच उदाहरण घ्या: ते १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत. अशा जुन्या तिकिटांचा गोंद पाण्यात विरघळत असल्याने त्यांना हा सल्ला सहसा लागू पडतो.

स्वयंचिकट तिकिटाचा (गुळगुळीत कागदावरून सोलून लावायचे तिकीट) गोंद मात्र सुकतच नाही. तो कायम मऊ राहतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर धुऊनही चिकटा उरतो, तसेच हे. तिकिटाचा कागद आणि गोंद यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा वेगळा थर छापखान्याने दिला असेल तरच तिकीट सुटते. नसेल तर दोष भिजवणाऱ्याचा नाही.

न वापरलेले तिकीट तरी सुरक्षित, असेही मानले जाते. अमेरिकेच्या १९७४ च्या स्वयंचिकट नाताळ तिकिटाचे काय झाले पाहा: गोंद झिरपून अनेक कोऱ्या प्रती तपकिरी डागाळल्या, आणि ते डाग जात नाहीत. उष्णतेने गोंद आणखी सैल होतो. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात अल्बम ठेवू नये. वापरलेले तिकीट भोवती कागद राखून कापावे. माझ्या मते शिक्क्यासह अख्खे पाकीट जपणे अधिक चांगले.