गंजाचे चिलखत

पावसाळ्यात अंगणात विसरलेले खुरपे दोनचार दिवसांतच तांबूस होते. त्यावर बोट फिरवले, तर तांबडी भुकटी हाताला लागते. साध्या लोखंडाचा हा गंज भुसभुशीत असतो. त्याचा पापुद्रा सुटला, की आतील कोरा धातू उघडा पडतो. मग पाणी आणि हवेतील प्राणवायू त्यालाही ग्रासू लागतात. म्हणूनच लोखंडी पुलांना वेळोवेळी रंग द्यावा लागतो.

१९३३ साली अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीने ‘कॉर-टेन’ नावाचे पोलाद विक्रीस आणले. त्यात तांबे, क्रोमियम व फॉस्फरस ही द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली होती. प्रथम कोळशाच्या रेल्वे वाघिणींसाठी त्याचा वापर झाला. हे पोलादही गंजते. परंतु त्याचा आरंभीचा नारिंगी थर काही वर्षांत दाट व गर्द तपकिरी होतो, धातूला घट्ट चिकटतो आणि पाण्याची वाट अडवतो. जो गंज धातूला खाणार, तोच त्याचे चिलखत बनतो!

मात्र हे चिलखत तयार होण्यासाठी पोलाद आळीपाळीने भिजावे व सुकावे लागते. येथेच उष्णतामानाचा प्रश्न येतो. उष्णतेने गंजण्याची क्रिया वेग घेते हे खरे. पण उन्हाने तापलेला पत्रा लवकर वाळतो, हेही तितकेच खरे. हवा कोरडी असेल, तर ऊन उपकारक ठरते. हवा उष्ण आणि दमट असेल, तर पोलाद फार वेळ ओले राहते व गंज वाढतच जातो. निरभ्र रात्री पोलाद भोवतालच्या हवेहून थंड होते आणि त्यावर दव साठते. उन्हाकडील बाजूचे दव सकाळीच उडून जाते. सावलीतील बाजू मात्र बराच वेळ ओली राहते व तिच्यावरील थर कच्चा राहतो. पाणी गोठले, की गंजणे जवळजवळ थांबते. परंतु थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. खारे पाणी शून्य अंशाखालीही पातळ राहते, आणि मीठ हा तर या थराचा मोठाच वैरी!

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू नदीच्या दरीवर १९७७ साली याच पोलादाचा पूल उभा राहिला. त्याची कमान ५१८ मीटर लांब असून पूल नदीपासून २६७ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर लोंबकळत रंग देणे म्हणजे जिवाशी खेळ. तो येथे टळला. याउलट, अटलांटा शहरात १९७२ साली ‘ऑम्नी’ हे क्रीडागृह बांधले गेले. तेथील दमट हवेत त्याचा गंज थांबला नाही, आणि १९९७ साली ती इमारत पाडण्यात आली.

न्हावा शेवा बंदरात एकावर एक रचलेल्या प्रचंड मालपेट्याही बहुधा याच जातीच्या पोलादाच्या असतात. त्यांना समुद्राची खारी हवा सोसावी लागते. म्हणून त्यांना मात्र रंग दिलेला असतो.